ते ८८ टक्के नक्की कुणाचे? कुत्र्याचा पाय काढण्याआधी एक पेपर वाचताना

पेपर कसा वाचायचा यावर आपण बरंच बोललो आहोत. पण ते पेपर बहुतेक वेळा सेमिनारसाठी नाहीतर गाईडच्या मीटिंगसाठी असतात. आज असा पेपर घेऊया जो वाचून घरातल्या कुत्र्याबद्दल निर्णय घ्यायचा असतो.

आमच्या ब्रूनोच्या पुढच्या पायाच्या हाडात ऑस्टिओसार्कोमा निघाला, म्हणजे हाडाचा कर्करोग. डॉक्टर म्हणाले, पाय काढावा लागेल. आईचा एकच प्रश्न होता, "तीन पायांवर तो सुखात राहील का रे?" आता सुख मोजायचं कसं? कुत्रा काही फॉर्म भरून देत नाही.

अमेरिकन पशुवैद्यक संघटनेच्या जर्नलमध्ये २०१५ साली एक पेपर आला. २००५ ते २०१२ या काळात पाय काढलेल्या ६४ कुत्र्यांच्या मालकांना त्यात प्रश्न विचारले होते. ५६ जण, म्हणजे ८८ टक्के, म्हणाले की कुत्र्याचं जगणं पूर्णपणे किंवा जवळजवळ आधीसारखं झालं. कुत्रा अपेक्षेपेक्षा छान सावरला असं ५० जणांना वाटलं. पुन्हा हाच निर्णय घेऊ असं ५५ जणांनी सांगितलं.

आकडे वाचून बरं वाटतं ना? मलाही वाटलं. पण इथेच पेन्सिल हातात घ्यायची. उत्तर कोण देतंय? मालक. कधी देतोय? बऱ्याचदा ऑपरेशननंतर खूप काळाने, आठवून. आणि ज्याने स्वतः सही करून पाय काढायला परवानगी दिली, त्याला 'चुकलं' म्हणणं सोपं नसतं. शिवाय हे सगळे कुत्रे डॉक्टरांनी आधीच पारखलेले. ज्याचे उरलेले पाय किंवा कंबर निकामी आहे, त्याला सहसा हे ऑपरेशन सुचवतच नाहीत. म्हणजे ८८ टक्के ही तुमच्या कुत्र्याची शक्यता नव्हे. तुमचा कुत्रा त्या निवडलेल्या गटात बसतो का, हा प्रश्न आधी येतो.

मग पेपर फेकून द्यायचा? अजिबात नाही. ५० जणांचं 'अपेक्षेपेक्षा छान' हे उत्तर मला सगळ्यात कामाचं वाटतं, कारण ते कुत्र्यापेक्षा आपल्याबद्दल जास्त सांगतं: आपली भीती प्रत्यक्षापेक्षा मोठी असते. शिवाय त्याच पेपरात एक सहसंबंध आहे. ऑपरेशनच्या वेळी वजन जास्त असलेल्या कुत्र्यांचं नंतरचं जगणं मालकांना कमी बरं वाटलं. सहसंबंध म्हणजे कारण नव्हे, हे तुम्हाला पाठ आहे. पण इथे कारण समजायला अवघड नाही. उभ्या कुत्र्याचं साधारण ६० टक्के वजन पुढच्या दोन पायांवर असतं. त्यातला एक गेला की दुसऱ्यावर किती भार येईल, बघा.

आता दुसरा आकडा, ज्यावर घरोघरी गोंधळ होतो. ऑस्टिओसार्कोमासाठी फक्त पाय काढलेल्या १६२ कुत्र्यांचा १९९२ चा अभ्यास आहे. त्यात मध्यक आयुष्य सुमारे १९ आठवडे निघालं. एवढं कमी, कारण निदान होईपर्यंत बहुतेक कुत्र्यांत कर्करोगाच्या पेशी फुप्फुसापर्यंत पोहोचलेल्या असतात, एक्स-रेत दिसत नसल्या तरी. केमोथेरपी जोडली तर हा मध्यक साधारण दहा-बारा महिन्यांवर जातो. मध्यक म्हणजे निम्मे त्याआधी गेले, निम्मे त्यानंतरही जगले. ती मुदत नव्हे. त्या १६२ मधले दहातला एक वर्षानंतरही होते.

म्हणजे 'सुखात राहील का' आणि 'किती राहील' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पाय काढून वेदना जाते, आजार जात नाही. आईला हे सांगायला मला तीन दिवस लागले. ऐकल्यावर ती म्हणाली, "मग दुखणं तरी काढू." आम्ही होकार दिला.

तयारीचं थोडक्यात. छातीचा एक्स-रे, रक्ततपासणी आणि बाकीच्या सांध्यांची तपासणी आधी करून घ्या. पाय बहुधा पूर्ण काढतात, पुढचा असेल तर खांद्याच्या हाडासकट. अर्धवट ठेवला तर तो जमिनीवर घासून जखमा होतात. त्यामुळे टाके बघून दचकू नका. घरातल्या गुळगुळीत टाइल्सवर रबरी मॅट किंवा जुन्या सतरंज्या आधीच अंथरा, त्यांची टोकं चिकटवा. पोटाखालून आधार द्यायला लांब टॉवेल ठेवा. जेवण किती तास आधी बंद करायचं ते डॉक्टरांनाच विचारा. आणि आपल्या डब्यातल्या आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या त्याला कधीही देऊ नका, त्या कुत्र्यांना विषारी ठरतात.

आणि संशोधक म्हणून एक काम आजच सुरू करा: बेसलाइन. रोज किती खाल्लं, रात्री किती वेळा उठला, दारापर्यंत स्वतः आला का, हे वहीत लिहा आणि चालण्याचा छोटा व्हिडिओ काढा. वही एकानेच भरावी, म्हणजे दोघांची मोजपट्टी वेगळी पडत नाही. ऑपरेशननंतर तुलना याच वहीशी करायची, आठवणीशी नाही. पहिले दोन-तीन दिवस वहीत वाईटच दिसतील. भूल आणि वेदनाशामकांमुळे कुत्रा कण्हतो, गुंगीत असतो, खात नाही. जे दिसेल ते लिहा आणि डॉक्टरांना फोन करून सांगा. निष्कर्ष मात्र टाके निघेपर्यंत, म्हणजे साधारण १० ते १४ दिवस, काढू नका.