खोलीतलं भांडण की रॅगिंग?

ठाणे महापालिकेचं राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय कळव्यात, छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयाच्या आवारात आहे. अशा कॉलेजांच्या वसतिगृहात रात्रपाळी करून आलेला पांघरूण ओढून आडवा होतो आणि परीक्षेवाला ट्यूबलाइट लावतो; ठिणगी तिथेच पडते. वॉर्डननं दोघांचं आधी वेगवेगळं ऐकावं, मग दिवा, पंखा, पाहुणे यांच्या वेळा कागदावर उतरवून सह्या घ्याव्यात. तोंडी ‘बघू’ला काडीचा अर्थ नाही. मात्र सिनिअरची दमदाटी असेल तर समेटाच्या भानगडीत पडूच नये. राज्याच्या १९९९ च्या रॅगिंगविरोधी कायद्यानुसार संस्थाप्रमुखानं ७ दिवसांत चौकशी करायची. प्रथमदर्शनी तथ्य आढळलं, तर विद्यार्थी निलंबित आणि तक्रार पोलिसांकडे. दोषीला २ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. राष्ट्रीय रॅगिंगविरोधी हेल्पलाइन: १८००-१८०-५५२२.