मोत्याचे मोल

सोने, हिरा, माणिक, पाचू ही सारी भूमीच्या पोटातून निघणारी द्रव्ये. त्यांना वितळवावे, घासावे, पैलू पाडावे लागतात. नवरत्नांपैकी मोती आणि पोवळे ही दोनच रत्ने सजीवांनी घडवलेली आहेत. त्यातही मोती शिंपल्यातून निघतो तोच पूर्ण तेज घेऊन. कारागिराला बहुधा भोक पाडण्यापुरतेच काम उरते. जगातील बहुतेक प्राचीन संस्कृतींनी त्याला दागिन्यांत मानाचे स्थान दिले. हजारो वर्षे टिकलेले हे मोल विसाव्या शतकात मात्र अवघ्या एका पिढीत कोसळले. दागिन्याची किंमत नेमकी कशाची असते, हे समजून घेण्यासाठी मोत्याचा इतिहास फार उपयोगी आहे.

शिंपल्यातील घडण

स्वाती नक्षत्रातील पावसाचा थेंब शिंपल्यात पडला की त्याचा मोती होतो, अशी भारतातील जुनी समजूत. वाळूचा कण शिरल्याने मोती तयार होतो, हे शालेय पुस्तकातील स्पष्टीकरणही पुरते खरे नाही. कालवाच्या अंगावरील नाजूक आवरणाला परजीवी किंवा इजेमुळे धक्का बसला, की त्यातील काही पेशी आत ढकलल्या जातात. त्यांची एक पिशवी बनते आणि शिंपल्याच्या आतील चकचकीत अस्तर ज्या द्रव्याचे असते, त्याच द्रव्याचे थर तिच्यात साचू लागतात. हे द्रव्य म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या अतिसूक्ष्म चकत्या आणि त्यांना जोडणारी प्रथिने. चकत्यांची जाडी प्रकाशाच्या तरंगलांबीच्या जवळपास असल्याने त्यांवरून परावर्तित होणारे किरण एकमेकांत मिसळतात आणि आपण ज्याला मोत्याचे ‘पाणी’ म्हणतो, ती झळाळी दिसते. घाम, अत्तर, लिंबाचा रस यांनी मोती निस्तेज होतो, त्याचे कारणही हेच रसायन.

श्वासाची किंमत

अबुधाबीजवळच्या मरवाह बेटावर २०१७ साली उत्खननात सापडलेला मोती सुमारे आठ हजार वर्षांपूर्वीचा आहे. रोमन लेखक प्लिनी याने भारत, चीन आणि अरबस्तान दर वर्षी रोमन साम्राज्यातून दहा कोटी सेस्टर्स नाणी खेचून नेतात, अशी तक्रार केली होती. या चैनीच्या वस्तूंत मोती अग्रभागी होते. पण ते काढणाऱ्यांच्या वाट्याला वैभव क्वचितच आले. मन्नारच्या आखातात पांड्य राज्यातील कोर्कई येथे शिक्षा झालेल्या कैद्यांकडून मोती काढून घेतले जात, अशी नोंद पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासवर्णनात आहे. कोलंबसाच्या १४९८ मधील सफरीनंतर स्पॅनिशांनी व्हेनेझुएलाजवळच्या कुबाग्वा बेटापाशी स्थानिक लोकांना गुलाम करून समुद्रात उतरवले. काही दशकांतच तेथील शिंपल्यांचे साठे संपले आणि वसलेले शहरही ओस पडले.

इराणच्या आखातात उन्हाळ्याचे सुमारे चार महिने बुडीचा हंगाम चाले. नाकाला चिमटा, पायाला दगड, गळ्यात टोपली आणि वर दोर धरून उभा असलेला साथीदार, एवढ्यावर पाणबुडे दिवसभरात कितीतरी वेळा तळ गाठत. बहुतेक शिंपले रिकामेच निघत. हंगामापूर्वी घेतलेली उचल फिटत नसे. बापाचे कर्ज अनेकदा मुलाच्या माथी येई. आखातातील मोत्यांचा मोठा हिस्सा मुंबईच्या बाजारात येऊन तेथे त्यांची प्रतवारी होई, भोके पाडली जात आणि माळा पॅरिस व लंडनला जात. बसरा बंदराच्या व्यापारावरून त्यांना ‘बसरा मोती’ हे नाव पडले. नथ, तन्मणी, चिंचपेटी या मराठी अलंकारांतही त्यांना मान होता. मुंबईच्या व्यापारातील ‘चव’ हे माप वजनाच्या वर्गावर आधारलेले आहे. त्यामुळे दोन रतींच्या एका मोत्याची चव एकेका रतीच्या दोन मोत्यांच्या एकत्रित चवेहून दुप्पट भरते. दुर्मीळपणाच जणू त्या गणितात मोजला जाई.

शेतीतला मोती

ही दुर्मिळता जपानने संपवली. मिकिमोटो कोकिची यांनी १८९३ मध्ये अर्धगोल मोती वाढवण्यात यश मिळवले. पुढे इतर संशोधकांच्या प्रयत्नांतून पूर्ण गोल मोत्याची पद्धत सिद्ध झाली. शिंपल्याच्या कवचापासून केलेला मणी आणि दुसऱ्या कालवाच्या आवरणाचा तुकडा जिवंत कालवात बसवायचा आणि त्याला समुद्रात वाढवायचे, अशी ही रीत. १९२० च्या दशकात हे ‘संवर्धित’ मोती युरोपात पोहोचले, तेव्हा व्यापाऱ्यांनी ते खोटे असल्याची ओरड केली. परंतु ते कालवानेच घडवलेले होते. बाहेरून पाहून फरक सांगणे जाणकारांनाही अवघड जाऊ लागले.

परिणाम भयंकर झाला. १९१७ मध्ये कार्तिए या पेढीने न्यूयॉर्कच्या फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवरील हवेली एका दोनपदरी मोत्याच्या हाराच्या आणि शंभर डॉलरच्या मोबदल्यात मिळवली होती. दहा लाख डॉलरचा तो हार १९५७ मध्ये लिलावात गेला, तेव्हा त्याला पाचव्या हिश्शाहूनही कमी किंमत आली. त्याआधीच १९२९ च्या मंदीने मागणी आटवली होती. आखातातील गावांची उपजीविका बुडाली. बहरीनमध्ये १९३२ साली तेल सापडले म्हणून तेथील लोक तगले. मोत्यांवर उभ्या राहिलेल्या या बेटाच्या अर्थव्यवस्थेच्या खुणांना युनेस्कोने २०१२ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

आजचा बाजार

आज बाजारातील बहुतेक मोती संवर्धितच असतात, आणि त्यांत चीनमधील गोड्या पाण्यातील मोत्यांचा वाटा सर्वाधिक आहे. नैसर्गिक मोत्यांना मात्र पुन्हा मोल आले आहे. बडोद्याच्या गायकवाड घराण्याच्या सातपदरी कंठ्यातील मोत्यांचा दोनपदरी हार २००७ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे ७१ लाख डॉलरना विकला गेला.

त्यामुळे घरातील जुन्या नथीकडे जरा डोळसपणे पाहायला हवे. मोती खरा की खोटा एवढाच प्रश्न नसतो. काचेचा नकली, शेतीतला संवर्धित आणि नैसर्गिक असे तीन प्रकार असतात. दाताला घासून नकली मोती ओळखू येतो, पण संवर्धित आणि नैसर्गिक यांतील भेद क्ष-किरण तपासणीतच खात्रीने कळतो. १९२० पूर्वीच्या दागिन्यात नैसर्गिक मोती असण्याची शक्यता मोठी, मात्र नंतरच्या दुरुस्तीत ते बदललेलेही असू शकतात. म्हणून जुना दागिना मोडीत काढताना केवळ सोन्याचे वजन करून मोती बाजूला टाकू नयेत. त्यांतला एखादा दाणा कुणा पाणबुड्याने श्वास रोखून समुद्रतळावरून वर आणलेला असू शकतो.