उपवासाच्या ताटातलं पिष्ट

एकादशीला सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी बटाट्याची भाजी, रात्री रताळ्याचा कीस. दिवसभर पोटात पिष्टच जातं!

साबुदाणा बनतो टॅपिओकाच्या कंदातल्या पिष्टापासून. शंभर ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात सुमारे 88 ग्रॅम कर्बोदकं असतात, प्रथिनं मात्र ग्रॅमभरही नाहीत. तंतूही नगण्य, त्यामुळे रक्तातली साखर भरभर चढते आणि लवकरच पुन्हा भूक लागते.

तरी कर्बोदकांना वाळीत टाकायचं कारण नाही. त्यांच्या एका ग्रॅमातून 4 उष्मांक मिळतात, तुपाच्या ग्रॅमातून 9. साबुदाणा नि तूप कमी करावं, सोबत खमंग काकडी आणि वाटीभर दही घ्यावं. एरवीच्या जेवणासाठी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024मध्ये मर्यादा सांगितली आहे: धान्यांतून एकूण उष्मांकांच्या 45 टक्क्यांपर्यंतच.