बडोद्याचा ‘आफताब’

मराठी रसिकांच्या मनात चांगल्या पुरुषी गळ्याची कल्पना पुष्कळ काळ रंगभूमीने घडविली. ध्वनिक्षेपक नव्हता, तेव्हा नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचे तर उंच पट्टीत गाणे भाग असे. अशा काळात भारदस्त, खर्जाकडे झुकणाऱ्या आवाजाने मैफल जिंकता येते, हे ज्यांनी सिद्ध केले, ते उस्ताद फैयाजखाँ बडोदे संस्थानचे दरबारगायक होते.

बडोद्याला गायनाची परंपरा जुनी. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्ष यांनी १८८६ मध्ये येथे गायनशाळा काढली. त्या शतकाच्या अखेरीस अब्दुल करीमखाँ काही काळ याच दरबारी होते. त्यांचा आवाज बारीक, टोकदार व उंच पट्टीचा; एकेका स्वराचा ध्यास हे त्यांच्या गाण्याचे मर्म. त्यांच्यामागून १९१२ च्या सुमारास फैयाजखाँ आले, ते अगदी दुसऱ्या टोकाचा गळा घेऊन.

त्यांचा जन्म आग्र्याजवळ सिकंद्रा येथे झाला. जन्मापूर्वीच पितृछत्र हरपले. आजोबा गुलाम अब्बासखाँ यांनी नातवाला सांभाळले व शिकविलेही. आजोबांकडून आग्रा घराण्याची धृपद-धमाराची विद्या मिळाली, तर वडिलांकडून ‘रंगीले’ घराण्याचा वारसा आला.

ख्यालापूर्वी ते नोमतोमची आलापी करीत. नोम्, तोम्, री, ना अशा अर्थहीन अक्षरांवर मंद्र सप्तकातून राग हळूहळू उलगडत जाई आणि पुढे त्याला लय येई. या पायाभरणीला त्यांचा खोल, घुमारेदार आवाज फार अनुकूल होता. दुसऱ्या गवयाला जी मर्यादा वाटली असती, तिच्यावरच त्यांनी आपली शैली उभारली. बंदिशीत शिरल्यावर मात्र तेच गाणे खेळकर होई; शब्द लयीशी लपंडाव करीत समेवर अचूक येऊन पडत. ‘प्रेमपिया’ या नावाने त्यांनी स्वतःही बंदिशी बांधल्या. म्हैसूर दरबाराने त्यांना ‘आफताब-ए-मौसिकी’, म्हणजे संगीताचा सूर्य, ही पदवी दिली.

ही विद्या घराच्या उंबरठ्यातच राहिली नाही. पंडित भातखंडे यांच्या पुढाकाराने १९१६ मध्ये बडोद्यास अखिल भारतीय संगीत परिषद भरली. पुढे भातखंड्यांचेच शिष्य श्रीकृष्ण रातंजनकर हे संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन खाँसाहेबांकडे शिकले आणि लखनौच्या संगीत महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. एकाने सिद्धान्त दिला, दुसऱ्याने गळा.

५ नोव्हेंबर १९५० रोजी खाँसाहेब बडोद्यातच निवर्तले व तेथेच त्यांचे दफन झाले. २००२ च्या दंगलीत त्या कबरीची नासधूस झाली. ज्या शहराने त्यांना आपले म्हटले, त्याच शहरात हे घडावे, हा सल रसिकांच्या मनातून जाणारा नाही.

त्यांच्या ध्वनिमुद्रिका मात्र उरल्या आहेत. नटबिहाग, ललित, जौनपुरी यांच्या त्या जेमतेम तीनचार मिनिटांच्या. तासन्‌तास मैफल भारून टाकणाऱ्या गायकाला हा अवकाश तोकडाच. तरीही पहिल्याच स्वराबरोबर तो धीरगंभीर आवाज खोली भरून टाकतो. आणि पुरुषाने आपल्या स्वाभाविक गळ्यात गावे, हा त्याने घालून दिलेला धडा आजच्या गवयालाही ऐकू येतो.