आमाचं बांजाचं रान

बाळंतशोपा, आळीव, डिंकाचे लाडू आणि जुन्या सुती साड्यांची दुपटी एवढं सगळं पिशवीत भरून २०२४ च्या एप्रिलअखेरीस मी राणीखेतला निघाले, तेव्हा घरच्यांनी थट्टाच केली. "तू बाळंतपणाला चाललीस की हिमालय बघायला?" खरं सांगायचं तर दोन्हीला! भाची पहिलटकरीण. तिच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून मावशीवर पाळी आली. भाचेजावई लष्करात, नेमणूक राणीखेतला. उत्तराखंडात, कुमाऊंच्या डोंगरावर.

काठगोदामला रेल्वे संपते. तिथून टॅक्सी वळणं घेत वर चढायला लागली की चिडाची झाडं सुरू होतात. उंच, सरळसोट. जुन्या हिंदी सिनेमातल्या गाण्यांत नायिका ज्यांच्याआडून डोकावते ना, तीच. मी तर खूश! गाडी थांबवून शोकेससाठी चिडाची ती लाकडी फळं वेचून घेतली. काही खोडांवर खाचा पाडून खाली भांडी अडकवलेली होती. "भैया, ये डिंक है क्या?" मी माझ्या हिंदीत विचारलं. त्याला 'गोंद' म्हणतात हेही मला आठवेना. तो हसला. ती चिडाची राळ, 'लीसा'. तिच्यातून टर्पेंटाइन निघतं. लाडवांशी तिचा काही संबंध नाही!

दोन दिवसांत हौस फिटली. राणीखेतहून त्रिशूळ, नंदादेवी ही शिखरं दिसतात. मला दिसला तो धूर. त्या दिवसांत कुमाऊंच्या डोंगरांना जागोजाग वणवे लागले होते. नैनीतालजवळची आग विझवायला हवाई दलाचं हेलिकॉप्टर भीमतालच्या तलावातून पाणी उचलून नेत होतं. रात्री समोरच्या डोंगरावर एक लाल रेघ सरकताना दिसायची. बाळ चौदा दिवसांचं. आम्ही दारं-खिडक्या लावून फटींत ओले टॉवेल कोंबलेले. ते जरा शिंकलं तरी आमच्या पोटात गोळा. आपल्याकडच्या रीतीप्रमाणे बाळाला धुरी द्यायची म्हणून मी ओवा-शोपा नेल्या होत्या, पण हवेतच एवढी धुरी होती की त्या पुडीला हात लावायची माझी हिंमत झाली नाही.

अशातच आमाची ओळख झाली. आमा म्हणजे तिकडच्या बोलीत आजी. खालच्या गावातून रोज सकाळी दूध घेऊन यायची. सत्तरीची असेल, पण चढावर मला मागे टाकणारी. बाळाची दृष्ट काढून झाल्यावर मी म्हटलं, "आमा, इतकं सुंदर जंगल जळतंय हो!" ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "बैणी, ते जंगल नाही. ते चीड आहे. जंगल बघायचं तर माझ्याबरोबर चल."

चार दिवसांनी पाऊस झाला, धूर निवळला आणि मी तिच्याबरोबर गेले.

आधी चिडाचा उतार लागला. खाली वाळलेल्या सुयांचा जाड थर. त्याला 'पिरूल' म्हणतात. पायाखाली अशी घसरण की मी चक्क बसून उतरले. त्या थराखाली गवताची काडी नाही, झुडूप नाही. मग एक वळण घेतलं आणि एकदम गार वाटलं. एसीच्या खोलीत शिरल्यासारखं. समोर बांजाचं रान. बांज म्हणजे हिमालयातला ओक. वाकडीतिकडी खोडं, त्यांवर शेवाळ आणि नेचे. पान वरून गर्द हिरवं आणि खालून पांढरट, लोकरीचं अस्तर लावल्यासारखं. मधूनमधून बुरांशाची झाडं (याच्याच लाल फुलांचं सरबत भाची आम्हाला रोज पाजत होती). आमानं वाकून पालापाचोळा बाजूला केला आणि मूठभर माती माझ्या हातावर ठेवली. काळी, ओलसर, मुरलेल्या खताच्या वासाची. उकरल्यावर आतून गारवा वर येत होता.

त्या रानाच्या पायथ्याशी नौला. नौला म्हणजे दगडानं बांधलेली छोटी झऱ्याची विहीर, देवळासारखी. आत उतरत्या पायऱ्या आणि तळाशी काचेसारखं पाणी. आमाच्या गावचं पाणी तेच. शेजारच्या, चिडानं वेढलेल्या गावात मात्र उन्हाळ्यात टँकर येतो म्हणाली. टँकर! मला वाटलं होतं ते फक्त आमच्याच तालुक्याचं दुखणं. नीती आयोगाच्या २०१८ च्या अहवालात भारतीय हिमालयातले जवळजवळ निम्मे झरे आटत चालल्याचं म्हटलंय, हे मी घरी आल्यावर वाचलं.

मैत्रिणींनो, मी कला शाखेची. शाळेत 'समशीतोष्ण कटिबंधातील वने' पाठ केली होती, परीक्षेपुरती. पण आमानं जे दाखवलं ते डोक्यात बसलं. बांजाचा रुंद पाला कुजतो, माती भुसभुशीत होते, पावसाचं पाणी धावत न जाता आत मुरतं आणि झऱ्याला वर्षभर पुरतं. जनावरांना हिवाळ्यात हिरवा चारा बांजाचा, चुलीला जळण बांजाचं, गोठ्यात अंथरायला पाला बांजाचा आणि त्याचंच पुढे शेताला खत. म्हणजे बाईच्या दिवसभराच्या कामाचा सगळा पसारा एका झाडावर. चिडाची सुई गुरं खात नाहीत, लवकर कुजत नाही आणि मार्च ते जून ठिणगीची वाट बघत पडून राहते. आग लागली की बांजाची रोपं जळून जातात. चिडाची साल जाड, मोठं झाड तगतं आणि उघड्या पडलेल्या मातीत त्याचंच बी रुजतं. म्हणजे प्रत्येक वणव्यानंतर चीड एक पाऊल पुढे आणि बांज एक पाऊल मागे.

चीड काही परका नाही हं, तो हिमालयाचाच. पण इंग्रजांना राळ आणि रेल्वेच्या स्लीपरसाठी लाकूड हवं होतं, बांजात त्यांना पैसा दिसत नव्हता. १९११ ते १९१७ या काळात कुमाऊंची जंगलं सरकारनं ताब्यात घेतली, लोकांच्या चराईवर आणि लाकूडफाट्यावर बंधनं आली. १९२१ मध्ये लोकांनी संतापून सरकारी जंगलं पेटवली. इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी यातली एक फार बोलकी गोष्ट नोंदवलीय. जळाली ती मुख्यतः चिडाची जंगलं, रुंद पानांची जंगलं लोकांनी जाळल्याचा पुरावा नाही. रागातही त्यांना आपलं काय ते कळत होतं! पुढे १९३१ मध्ये गावांना स्वतःचं जंगल सांभाळायला वनपंचायती मिळाल्या. आमाच्या गावचं बांजाचं रान अशाच वनपंचायतीचं.

'चिपको' आपण सगळ्यांनी ऐकलंय. रेणी गावच्या गौरादेवी आणि त्यांच्याबरोबरच्या सत्तावीस जणी, २६ मार्च १९७४. पण त्याच्या आदल्या वर्षी मंडल गावात सुरुवात झाली ती अंगूच्या झाडांवरून, हे मला माहीत नव्हतं. गावकऱ्यांना शेतीच्या अवजारांसाठी अंगूचं लाकूड नाकारलं आणि खेळाचं साहित्य बनवणाऱ्या कंपनीला मात्र झाडं दिली, हे लोकांना सहन झालं नाही. भांडण नुसत्या 'झाडं वाचवा'चं नव्हतं, आमचं झाड कोणाच्या कामाचं, हे होतं.

मी आमाला विचारलं, "आगी लावतं तरी कोण?" वाटलं, विडी ओढणारे पर्यटक म्हणेल. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "कधी पर्यटक. कधी आमच्यातलेच." पिरूल जाळला की पावसाळ्यात त्या जागी गवत चांगलं येतं. बाईला गवत हवं, बांजाचं रान लांब गेलेलं, मग कोणीतरी काडी ओढतं. "मी पण लावली होती, सून म्हणून आले तेव्हा. सासू म्हणाली, लाव. वारा फिरला आणि खालचा बांज गेला. तीन वर्षं कोणी माझ्याशी धड बोललं नाही." एवढं बोलून ती दरांती (म्हणजे विळा) घेऊन झाडावर चढलीसुद्धा! झाडाचा शेंडा कधी कापायचा नाही, खालच्या फांद्या घ्यायच्या आणि घेतलेल्या झाडाला काही वर्षं हात लावायचा नाही, हा त्यांचा नेम.

त्या मे महिन्यात सरकारनं पिरूल गोळा करणाऱ्यांना किलोला ५० रुपये भाव जाहीर केला होता. आमाला विचारलं तर म्हणाली, "मिळाले की सांगते." मी परतल्यावर १३ जूनला अल्मोड्याजवळच्या बिनसर अभयारण्यात आग विझवताना चार वनकर्मचारी होरपळून गेले. भाचीनं फोनवर सांगितलं, तेव्हा मी शोकेसमधली ती चिडाची फळं बघत होते.

परतताना भाचेजावयांनी आणखी एक गोष्ट सांगितली. पौडी गढवालमध्ये उफरैंखाल नावाचं गाव आहे. तिथले शिक्षक सच्चिदानंद भारती यांनी १९८० च्या दशकापासून आसपासच्या गावांतल्या बायकांना घेऊन डोंगरावर पाणी मुरवायचे हजारो छोटे खड्डे खणले आणि रान राखलं. राखणीची पाळी कशी ठरते माहितेय? घुंगरं लावलेली एक काठी. आज जिची पाळी ती संध्याकाळी काठी शेजारणीच्या दाराशी ठेवते. सकाळी जिच्या दारात काठी, ती रानात जाणार. ना वही, ना मीटिंग.

आता खरी अडचण सांगते. आमच्या महिला मंडळानं २०१९ मध्ये गावाबाहेरच्या टेकडीवर चारशे रोपं लावली. गिरिपुष्पाची, म्हणजे उंदीरमारीची. फुकट मिळाली, गुरं तोंड लावत नाहीत, भराभर वाढतात. पेपरात फोटो आला, मी मध्यभागी खुरपं घेऊन. दोन वर्षांनी धनगरवाड्यातल्या मावशी म्हणाल्या होत्या, "बाई, झाडं आली, पर गवात गेलं." मी काय उत्तर दिलं असेल? "अहो मावशी, हिरवं किती दिसतंय बघा की!"

हिमालयातून आल्यावर जुलैत मी एकटीच टेकडीवर गेले. आमासारखा पाला सरकवून बघितला. पूर्वी त्या टेकडीवर मारवेल, पवन्या असायचा, पावसाळ्यात गुडघाभर. मेंढ्या चरायच्या, टिटवी जमिनीवर अंडी घालायची. गिरिपुष्पाच्या दाट सावलीत त्यातलं काही नव्हतं. चुकून सुटलेल्या एका पट्ट्यात मात्र गवत डुलत होतं, दोन बोरी आणि एक हिवर आपणहून आलेला.

मंडळाच्या बैठकीत मी हे सांगितलं. त्या वर्षी पुन्हा पाचशे रोपं फुकट मिळणार होती, गिरिपुष्पाचीच. चांगलाच वाद झाला. खजिनदार म्हणाल्या, "आपण झाडं लावायचं सोडून गवत राखतोय म्हटलं तर लोक हसतील. आणि गवताबरोबर फोटो कोण छापणार?" एकीनं तर विचारलं, "मग आता लावलेली तोडायची का?" याला माझ्याकडेही उत्तर नव्हतं. शेवटी एवढंच ठरलं, की रोपं घ्यायची नाहीत आणि काय करायचं ते आधी टेकडी वापरणाऱ्यांना विचारायचं.

दुसऱ्या दिवशी मी धनगरवाड्यात गेले. मावशी मेंढ्यांना पाणी दाखवत होत्या. मी सगळं सांगितलं, आमाचंही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "पाच वर्सांनी इचाराय आलासा व्हय?" मग पोराला हाक मारून म्हणाल्या, "बाईंस्नी च्या ठेव. बोलायचं लई हाय."