नवं सील, तरी गळती?

एका डिझेल ट्रकचं पुढचं क्रँक सील मी बदललं आणि आठ दिवसांत गाडी परत दारात. ड्रायव्हरचं भाडं बुडालं. चूक सीलची नव्हती, माझी होती. क्रँक पुली काढल्यावर सीलचा ओठ जिथे घासतो, तिथे नख फिरवून बघायचं मी विसरलो होतो. नख अडकलं तर समजा, खाच पडली आहे. तिथे नवं सील टिकत नाही. पातळ स्टीलची स्लीव्ह चढवा. तुंबलेला ब्रीदरही साफ करा, नाहीतर क्रँककेसमधला दाब तेल बाहेर ढकलतो. रबरी सीलच्या ओठाला तेल लावा. टेफ्लॉनचं मात्र कोरडंच बसवा. एका बाजूने ठोकू नका, चारी बाजूंनी सारखं दाबा. आधी नख, मग हातोडी.