देहसंवेदनाकेंद्री मंत्रचळ

देहसंवेदनाकेंद्री मंत्रचळ हा ओसीडी म्हणजेच मंत्रचळ या मनोविकाराचा एक प्रकार आहे. श्वासोच्छ्वास, लाळ गिळणे, पापण्यांची उघडझाप, हृदयाचे ठोके, जिभेची तोंडातील स्थिती, कानातील सूक्ष्म आवाज यांसारख्या, एरवी ध्यानातही न येणाऱ्या गोष्टींकडे यात रुग्णाचे लक्ष जाते आणि तेथेच अडकून पडते. हे लक्ष आता कधीच हटणार नाही, ही भीती या विकाराचा गाभा होय. वैद्यकीय व्यवहारात त्याला सोमॅटिक किंवा सेन्सरिमोटर ओसीडी असे म्हटले जाते. उपचारांनी हा विकार आटोक्यात येतो आणि अनेक रुग्ण आपल्या कामाधंद्याकडे, अभ्यासाकडे परततात. मात्र बरे होणे म्हणजे ती संवेदना कायमची नाहीशी होणे, ही समजूत येथे दिशाभूल करते. रुग्णाला विकारात अडकवून ठेवण्याचे काम पुष्कळदा तीच करते.

संज्ञा

'मंत्रचळ' हा मराठीतील जुना शब्द आहे. मंत्रसाधनेत चूक घडल्याने लागणारा चळ, असा त्याचा पूर्वीचा अर्थ. पुढे एकच कृती पुन्हापुन्हा करणाऱ्या माणसाविषयी तो वापरला जाऊ लागला व मराठी मनोविकारतज्ज्ञांनी ओसीडीसाठी तो स्वीकारला. शब्द समर्पक असला तरी त्याने एक गैरसमजही रुजवला आहे. मंत्रचळ म्हटले की सतत हात धुणारा, कडी-कुलूप दहा वेळा तपासणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. देहसंवेदनाकेंद्री प्रकारात बाहेरून दिसणारी अशी कृती बहुधा नसते. रुग्ण शांत बसलेला दिसतो. त्याची सगळी धडपड आत चाललेली असते. त्यामुळे घरच्यांना ती कळत नाही आणि 'काही काम नाही म्हणून असले विचार सुचतात' असा शेरा त्याच्या वाट्याला येतो.

स्वरूप

निरोगी प्रौढ व्यक्ती विसाव्याच्या अवस्थेत मिनिटाला साधारण 12 ते 20 वेळा श्वास घेते, म्हणजे दिवसाकाठी सुमारे वीस हजार वेळा. हृदय दिवसात सुमारे एक लाख वेळा धडधडते. या क्रिया मेंदूचा खालचा भाग आणि स्वायत्त मज्जासंस्था सांभाळते. माणसाला त्यांची दखल घ्यावी लागत नाही. परंतु श्वास, पापणी व गिळणे या तीन क्रियांचे एक वैशिष्ट्य आहे. त्या आपोआप चालतात आणि इच्छेनेही चालवता येतात. लक्ष तिकडे वळताच त्या आपल्या हाती आल्यासारख्या वाटतात. श्वासाकडे पाहणारा माणूस नकळत श्वास ओढू लागतो, तो अपुरा वाटला की दीर्घ श्वास घेतो आणि मग 'मी लक्ष दिले नाही तर श्वास थांबेल काय' असा प्रश्न पडतो. प्रत्यक्षात श्वास थांबत नाही. झोपेत तो रात्रभर चालतो, हे रुग्णालाही ठाऊक असते. पण ठाऊक असण्याने भीती जात नाही.

अशी जाणीव अधूनमधून कोणालाही होते. हे वाचतानाही एखाद्या वाचकाला आपल्या जिभेचे किंवा पापण्यांचे भान आले असेल. बहुतेकांच्या बाबतीत ते काही क्षणांत विरते. ज्याला विकार जडतो त्याला मात्र त्या क्षणी एक अर्थ दिसतो: हे असेच राहिले तर अभ्यास होणार नाही, झोप लागणार नाही, वेड लागेल. मग तो लक्ष हटवण्याचा प्रयत्न करतो आणि लक्ष हटले की नाही, हे तपासतो. तपासण्यासाठी पुन्हा तिकडेच पाहावे लागते. वैद्याने औषध देताना 'घेतेवेळी माकड मनात आणू नकोस' अशी अट घातल्याची गोष्ट सर्वपरिचित आहे; तिच्यातल्या रोग्याची जी गत होते तीच येथे होते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी 1987 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात याच गोष्टीची शास्त्रीय पडताळणी आढळते. पाच मिनिटे पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, असे सांगितलेल्या विद्यार्थ्यांच्या मनात ते अस्वल पुन्हापुन्हा आले. इतकेच नव्हे, तर नंतर विचाराची मुभा दिल्यावर, पहिल्यापासून मुभा असलेल्या विद्यार्थ्यांपेक्षा त्यांना ते अधिक वेळा आठवले.

शारीरिक चिंता या चक्रात भर घालते. भीतीने ॲड्रेनॅलिन स्रवते, छाती धडधडते, घसा कोरडा पडतो, हातापायांना मुंग्या येतात. ठोक्यांवर पहारा ठेवणाऱ्याला भीतीमुळेच अधिक ठोके ऐकू येतात आणि आपली शंका खरी होती असे त्याला वाटते. घशाकडे लक्ष असणाऱ्याचा घसा कोरडा पडतो, म्हणून तो अधिक वेळा गिळतो, आणि वारंवार गिळण्याने गिळणे अधिक अवघड वाटू लागते.

या विकारातील सक्तीच्या कृती बहुतांशी मानसिक असतात. संवेदना आहे की गेली हे तपासणे, श्वास मोजणे, विकार सुरू होण्यापूर्वीचे दिवस आठवून आजची तुलना करणे, रात्री उशिरापर्यंत मोबाइलवर लक्षणे शोधणे, 'मला काही होणार नाही ना' असे घरच्यांना विचारत राहणे, दिवसातून अनेकदा नाडी पाहणे, या सर्वांचा त्यांत समावेश होतो. गाणी ऐकून किंवा सतत कामात राहून लक्ष दुसरीकडे नेणे निरुपद्रवी भासते. पण संवेदनेपासून सुटण्यासाठीच ते केले जात असेल तर तीही सक्तीची कृती ठरते.

निदान

ओसीडीची सुरुवात बहुधा किशोरवयात किंवा विशीच्या आसपास होते. लोकसंख्येत आयुष्यात कधी ना कधी हा विकार होणाऱ्यांचे प्रमाण साधारणपणे शेकडा 1 ते 3 मानले जाते. देहसंवेदनाकेंद्री प्रकाराला अधिकृत वर्गीकरणात स्वतंत्र स्थान नाही. ओसीडीच्याच निकषांवर त्याचे निदान होते.

छातीत धडधडणे, धाप लागणे, गिळताना त्रास होणे या तक्रारी रक्तक्षय, थायरॉइडचे विकार, हृदयरोग किंवा दमा यांतही असतात. म्हणून सुरुवातीला डॉक्टरांकडून एकदा नीट तपासणी करून घेणे आवश्यक आहे. कसोटी त्यानंतरची असते. तपासणीत काही दोष न आढळल्यावर मिळालेला दिलासा दोन-चार दिवसांत ओसरतो आणि नव्या तपासणीची निकड वाटू लागते. ईसीजी, रक्ताच्या चाचण्या, सोनोग्राफी, मग दुसरे डॉक्टर आणि त्याच चाचण्या, अशा फेऱ्यांत ग्रामीण कुटुंबांचा मोठा पैसा जातो. अहवाल निर्दोष येत राहणे ही वास्तविक चांगली बातमी असते, पण रुग्णाला ती तशी वाटत नाही.

आजारभयापासून हा प्रकार वेगळा ओळखावा लागतो. आजारभयात 'मला हृदयरोग झाला आहे' ही चिंता असते. येथे 'ठोके ऐकू येणे थांबणारच नाही' ही चिंता असते. दोन्ही एकाच व्यक्तीत असू शकतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत आजारभय हे ओसीडीशी संबंधित विकारांच्या गटात समाविष्ट केलेले आहे.

उपचारांचा इतिहास

देहसंवेदनेवर खिळलेल्या लक्षाचा पद्धतशीर विचार करणाऱ्या पहिल्या मनोविकारतज्ज्ञांत जपानचे मोरिता शोमा (1874–1938) यांची गणना करावी लागेल. लक्ष दिल्याने संवेदना तीव्र होते आणि तीव्र संवेदना आणखी लक्ष खेचते, असे त्यांनी मांडले. 1919 च्या सुमारास त्यांनी स्वतःची उपचारपद्धती घडवली. तिच्या पहिल्या टप्प्यात रुग्णाने सुमारे आठवडाभर एकांतात पडून राहायचे, मनात येईल ते येऊ द्यायचे. पुढील टप्प्यांत हलकी कामे, मग श्रमाची कामे आणि शेवटी नित्याचे जीवन. भीती घालवून मग कामाला लागायचे, हा क्रम त्यांनी उलटा केला. भीती असतानाच काम करायचे, हा त्यांचा आग्रह.

युरोपात व्हिक्टर मायर यांनी 1966 साली लंडनमध्ये मंत्रचळाच्या दोन रुग्णांवरील वर्तनोपचारांची हकीकत प्रसिद्ध केली. भीती वाटणाऱ्या गोष्टीला सामोरे जायचे आणि नेहमीची सक्तीची कृती करायची नाही, ही त्यांची रीत. तिच्यातूनच आजची ईआरपी, म्हणजे भयसामना आणि प्रतिक्रिया-प्रतिबंध ही पद्धती विकसित झाली. त्याच दशकात क्लोमिप्रामिन या औषधाचा मंत्रचळावर उपयोग होतो, असे आढळले. त्यापूर्वी हा विकार जवळजवळ असाध्य समजला जात असे.

महाराष्ट्रात अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती कि. मो. फडके यांनी रुजवली. 'असे होता कामाच नये' या हट्टातून साधी अस्वस्थता असह्य बनते, हा तिचा सिद्धान्त या विकाराला चपखल लागू पडतो. मंत्रचळावरील मुख्य मानसोपचार मात्र ईआरपी हाच मानला जातो.

उपचार

भयसामन्यात रुग्ण टाळत आलेल्या संवेदनेकडे मुद्दाम जातो. गिळण्याची धास्ती असणारा ठरावीक वेळ आपल्या गिळण्याकडे लक्ष देतो व 'हे जन्मभर जाणवले तरी जाणवो' अशा आशयाचे वाक्य लिहितो किंवा वाचतो. पुस्तकावर, आरशावर 'श्वास' असा शब्द लिहून ठेवला जातो, म्हणजे आठवण टाळण्याची धडपडच उरत नाही. ठोक्यांची भीती असणाऱ्याला, वैद्यकीय तपासणीनंतर, जिने चढायला किंवा जागच्या जागी पळायला सांगितले जाते. सुरुवातीला अस्वस्थता वाढते आणि याच टप्प्यावर अनेकजण उपचार सोडतात. ती वाढू देऊन मोजणे, तपासणे, विचारणे यांपैकी काहीही न केल्यास काही काळाने ती ओसरते. प्रत्येक वेळी ती ओसरतेच असे नाही. पण ती असतानाही जेवता, बोलता, वाचता येते हा अनुभव पदरी पडतो. उपचारांचे खरे फलित हा अनुभव होय.

येथे एक सूक्ष्म अडचण उद्भवते. रुग्ण भयसामनाही 'लक्ष जावे म्हणून' करू लागतो आणि तो संपताच 'गेले का' म्हणून पाहतो. असे झाल्यास उपचारच नवी सक्ती बनतो. जाणकार उपचारकाची गरज मुख्यतः यासाठी असते.

प्राणायाम आणि विपश्यना यांविषयी रुग्ण नेहमी विचारतात. इगतपुरीच्या विपश्यना केंद्रामुळे श्वास व देहसंवेदना निरखण्याची साधना महाराष्ट्रात परिचित आहे. बदलण्याची इच्छा न ठेवता संवेदनेचे साक्षी होणे हे भयसामन्याच्या जवळचे आहे आणि आजच्या काही उपचारांत त्याचा अंतर्भावही असतो. मात्र अस्वस्थता आली की लगेच दहा दीर्घ श्वास, असा नेम पडला तर तो नाडी पाहण्याहून वेगळा राहत नाही. तीव्र त्रासाच्या काळात दीर्घ मौनशिबिराला जाण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

औषधांमध्ये फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, फ्लुवोक्सामिन यांसारखी सेरोटोनिनवर कार्य करणारी औषधे प्रथम दिली जातात. मंत्रचळात त्यांची मात्रा नैराश्यातील मात्रेपेक्षा बहुधा अधिक लागते आणि परिणाम दिसण्यास 8 ते 12 आठवडे लागू शकतात. पहिल्या पंधरवड्यात मळमळ, बेचैनी यांसारखे दुष्परिणाम आधी जाणवतात. ज्याचे सारे लक्ष शरीरावर खिळलेले आहे अशा रुग्णाला ते विशेष भिववतात. त्याची पूर्वकल्पना दिलेली असली तर औषध सुटत नाही. गुण आल्यावरही औषधे किमान वर्षभर चालू ठेवली जातात व डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी केली जातात.

कुटुंबाची भूमिका नाजूक असते. 'तुला काही झालेले नाही' असे दिवसातून वीसदा सांगणारी आई प्रेमापोटीच ते सांगते, पण विचारण्याची सक्ती त्याने पोसली जाते. उत्तर एकदम तोडणे हेही क्रूरपणाचे आहे. उपचारकासमक्ष ठरवून, रुग्णाच्या संमतीने ते कमी करत न्यावे, हे श्रेयस्कर.

बरे होण्याचा अर्थ

ओसीडीची तीव्रता 1989 साली प्रसिद्ध झालेल्या येल-ब्राउन श्रेणीवर मोजतात. तिच्यात दहा प्रश्न असून गुण 0 ते 40 असतात. आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या 2016 सालच्या सहमतीनुसार गुण 12 किंवा त्याहून कमी आणि एकंदर स्थिती जवळजवळ निरोगी अशी वर्षभर टिकली तर रुग्ण बरा झाला असे मानले जाते. शून्य गुणांची अट तेथे नाही. श्वासाचे भान अधूनमधून येणारा माणूसही बरा असू शकतो. ते भान आल्यावर तो काय करतो, याला महत्त्व. ताण, जागरण, परीक्षा, बाळंतपण अशा काळात लक्षणे पुन्हा डोके वर काढू शकतात. तेव्हा तपासण्याच्या जुन्या सवयी परत सुरू न करणे आणि गरज भासल्यास लवकर उपचारकाला भेटणे उपयोगी ठरते.

ग्रामीण भागातील उपचारसोयी

महाराष्ट्रातील चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये येरवडा, ठाणे, नागपूर व रत्नागिरी येथे आहेत. मराठवाड्यात त्यांपैकी एकही नाही. सुदैवाने या विकारासाठी भरती होण्याची गरज क्वचितच पडते. बाह्यरुग्ण विभागातील उपचार पुरतात. बीड जिल्ह्यातील परळी तालुक्यात असलेल्या सिरसाळ्यासारख्या गावातील रुग्णाला अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय हे जिल्ह्यातीलच शासकीय ठिकाण आहे. औषधोपचार अशा ठिकाणी मिळू शकतात. ईआरपीचे प्रशिक्षण घेतलेले मानसशास्त्रज्ञ मात्र मोठ्या शहरांतच एकवटलेले आहेत.

या भागाची आणखी एक अडचण वैद्यकीय पुस्तकांत सापडत नाही. बीड हा ऊसतोड मजुरांचा जिल्हा आहे. दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात ती हंगाम संपल्यावरच परततात. पावसाळ्याच्या अखेरीस औषध सुरू झालेल्या रुग्णाला नेमका गुण येण्याच्या वेळी गाव सोडावे लागते. औषध फडावर संपते आणि अचानक बंद झाल्याने चक्कर, बेचैनी व झटके बसल्यासारख्या संवेदना होऊ शकतात. देहसंवेदनांनाच भिणाऱ्या रुग्णाला तो आजार उलटल्याचा पुरावा वाटतो. निघण्यापूर्वी डॉक्टरांना स्थलांतराची कल्पना देऊन पुरेशी औषधे व लिहून दिलेला कागद सोबत नेणे म्हणून आवश्यक ठरते. ऑक्टोबर 2022 मध्ये केंद्र शासनाने सुरू केलेली टेलिमानस ही दूरध्वनी सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य उपलब्ध असून तिच्यावर मराठीतून बोलता येते. जीव नकोसा वाटण्याचे विचार येत असतील तर या क्रमांकावर किंवा जवळच्या रुग्णालयाशी त्वरित संपर्क साधावा.